तो कार्बन कुठला?

लग्नानंतरच्या नऊ वर्षांत माझ्या सुनेने माझ्याशी एकदाच अबोला धरला, आणि तोही कार्बन डायऑक्साइडवरून. चार दिवस. मी मोजले, कारण घरात ज्या एका माणसाशी मला रसायनशास्त्र बोलता येतं, तेच माणूस गप्प होतं. आमचे हे आयुष्यभर बँकेत होते. गॅस म्हटलं की त्यांना एकतर स्वयंपाकाचा सिलिंडर आठवतो, नाहीतर स्वतःचं पोट.

सून गंगापूर रोडवरच्या एका कॉलेजात शिकवते आणि शिकवता शिकवता पीएचडी करते. मी सातपूरच्या एका कारखान्यात, प्रयोगशाळेत, सारी नोकरी काढून निवृत्त झालेली. त्यामुळे आमच्या जेवणाच्या टेबलावर लोणच्याच्या बरणीशेजारी तिच्या आलेखांचे कागद असतात आणि त्यावर तेलाचे डाग पडले की दोष माझा असतो.

तिचं काम काय, ते सांगते. अमाइन म्हणजे नायट्रोजन असलेलं संयुग. औषधांत ते पदोपदी भेटतं. त्या नायट्रोजनला बऱ्याचदा एक मिथिल गट चिकटवावा लागतो, म्हणजे एक कार्बन आणि त्याला धरून बसलेले तीन हायड्रोजन. आमच्या कारखान्यात हे काम फॉर्मॅलिन आणि फॉर्मिक ॲसिड घालून व्हायचं. फॉर्मॅलिनच्या वासाने डोळ्यांना अशी धार लागायची की नव्या पोरीला घरची आठवण आली असं लोकांना वाटायचं. मला आठवणबिठवण काही येत नव्हती, पण सहानुभूती म्हणून मिळणारा चहा मी कधी नाकारला नाही. तर त्या कामात शेवटी कार्बन डायऑक्साइड सुटायचा. एका नळीतून बुडबुडे यायचे. बुडबुडे थांबले की काम झालं. तो वायू खिडकीबाहेर आणि मी कँटीनला.

आता माझी सून तोच वायू सिलिंडरमधून आणते, अंबडहून, सोडावाले जिथून नेतात तिथूनच, आणि जाड पोलादी भांड्यात दाबून कोंबते. तिला त्याच्यातला कार्बन हवा असतो. अमाइनला तो मिथिल म्हणून जोडायचा, फॉर्मॅलिनला हातही न लावता. हे ऐकायला सोपं आहे. पण कार्बन डायऑक्साइड म्हणजे जळून मोकळा झालेला कार्बन. त्याला आता कशाचीच हौस उरलेली नसते. त्याला कामाला लावणं म्हणजे निवृत्त माणसाला परत ड्यूटीवर बोलावणं. त्याचा ऑक्सिजन काढून घ्यायला हायड्रोजन लागतो, उष्णता लागते, दाब लागतो, आणि मध्यस्थीला तांब्याचा उत्प्रेरक लागतो. ती काळी पूड तिने स्वतः बनवली होती, तीन वर्षं खपून.

प्रबंध द्यायला अडीच महिने उरले होते. मुदत एकदा वाढवून घेतलेली, दुसऱ्यांदा मिळणार नव्हती. त्या रात्रीच्या जेवणाला तिने शेवटचा आलेख टेबलावर ठेवला. मिळालेल्या मालाचे आकडे खरोखरच छान होते. मी भाकरी मोडता मोडता विचारलं,

“कार्बन डायऑक्साइड न घालता करून बघितलंस का एकदा?”

“आई, काम कार्बन डायऑक्साइडवर आहे. तो न घालता काय करू?”

“बाकी सगळं घालायचं. फक्त तो नाही.”

“मग काहीच मिळणार नाही.”

“मिळत नाही ना, तेच बघायचं. ब्लँक.”

“गाइड सर म्हणाले गरज नाही.”

“सर भांड्याच्या बाहेर असतात गं. भांड्याला विचार.”

तिने आलेख उचलला. “म्हणजे तुम्हाला माझं काम खोटं वाटतं.”

“मला काहीच वाटत नाही. म्हणून तर विचारतेय.”

हे सासूने बोलायचं वाक्य नव्हतं, हे मला ते तोंडातून निघाल्यावर कळलं. ती ताट उचलून आत गेली. दुसऱ्या दिवशी ह्यांनी हळूच विचारलं, “हिला काय झालंय?”

“गॅस.”

“मग ओवा दे ना.”

पाचव्या दिवशी संध्याकाळी ती कॉलेजातून आली, चपला काढल्या आणि माझ्यासमोर मोबाइल धरला. पडद्यावर एका काचपट्टीचा फोटो होता. अशा पट्टीवर मिश्रणातला प्रत्येक पदार्थ आपापल्या उंचीवर ठिपका सोडतो. डावीकडे नेहमीच्या प्रयोगाचा ठिपका. उजवीकडे ब्लँकचा, म्हणजे कार्बन डायऑक्साइड न घालता केलेल्या प्रयोगाचा. उजवीकडे काहीच दिसायला नको होतं. तिथे त्याच उंचीवर, जरा फिकट, पण ठसठशीत ठिपका होता.

“दोनदा केलं,” ती म्हणाली. “दोन्ही वेळा आला.”

मी चष्मा पुसून परत बघितलं. चष्म्याचा काही दोष नव्हता.

“भांड्यात वायू नव्हताच, आई. मग मिथिलचा कार्बन आला कुठून? तीन वर्षं मी कुणाच्या कार्बनचं कौतुक करत होते?”

“सर काय म्हणाले?”

“फिकट आहे, सोडून द्या म्हणाले. तोंडी परीक्षेत कोणी विचारणार नाही.” ती खुर्चीवर बसली. डोळे कोरडे होते आणि ओठ असे आवळलेले की तिथे कागदही गेला नसता. “विचारणार नाहीत, हे मलाही माहितीये. पण प्रबंधाच्या नावातच लिहिलंय की कार्बन तिथून येतो. तो तिथून येतो का, हे मलाच माहीत नसेल तर मी वर्गात कशी उभी राहू?”

मी तिच्यापुढे पाण्याचा पेला सरकवला. आयुष्यात मी फार कमी वेळा गप्प बसलेय, आणि जेव्हा बसलेय तेव्हा बरं झालंय.

“उद्या तुम्ही चला माझ्याबरोबर,” ती म्हणाली.

सरांनी परवानगी दिली. वहीत माझी नोंद ‘अनुभवी सल्लागार’ अशी झाली, कारण ‘विद्यार्थिनीची सासू’ असा रकाना नव्हता. मी प्रयोगशाळेच्या दारात पाऊल टाकलं तर आतून आवाज आला, “मॅडम! तुम्ही इथं?” पांढऱ्या मिशा, खाकी शर्ट. आमच्याच कारखान्यात मदतनीस होते ते. कारखाना बंद पडल्यावर या कॉलेजात लागले. आता सगळे त्यांना काका म्हणतात. त्यांनी माझ्यासाठी स्टूल पुसलं आणि सुनेला म्हणाले, “ताई, तुमच्या सासूबाईंना आम्ही लय घाबरायचो.” सुनेने माझ्याकडे अशी नजर टाकली की तिला यात काहीच नवीन नव्हतं.

कामाला लागलो. सुनेने भिंतीवर कागद चिकटवला आणि कार्बन जिथून येऊ शकतो अशा सगळ्या गोष्टी लिहिल्या. अमाइनची बाटली. द्रावक. उत्प्रेरक. हायड्रोजनचा सिलिंडर. भांड्याचं रबरी वायसर. एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि ब्लँक लावायचा. सकाळी भांडं बंद करायचं, संध्याकाळी उघडायचं. मधल्या वेळात तिची दोन लेक्चरं. मार्च महिना होता, पंखा गरम हवा फिरवत होता आणि एप्रनच्या आत आमची भाजी होत होती. द्रावक बदललं, ठिपका आला. उत्प्रेरक पुन्हा भाजून घेतला, ठिपका आला. नवी अमाइनची बाटली फोडली, ठिपका तसाच. ती प्रत्येक नावावर काट मारायची, पाण्याचा एक घोट घ्यायची आणि पुढच्या नावाकडे वळायची. एकदाही ‘जाऊ दे’ म्हणाली नाही. मी मात्र एकदा मनात म्हणाले. तिला सांगितलं नाही.

दुसऱ्या आठवड्यात मी तिच्या जुन्या वह्या घेऊन बसले. तीन वर्षांच्या नोंदी. नेहमीच्या प्रयोगातही मधूनच आकडा खाली यायचा आणि तिने तिथे समासात ‘?’ काढलेलं. मी त्या तारखा एका कागदावर उतरवल्या.

“या दिवशी काय झालं होतं?”

“काही नाही. दुर्दैव. त्या दिवशी भांडंही मलाच धुवावं लागलं होतं, काका येवल्याला गेले होते. भाचीचं लग्न.”

“आणि या आठवड्यात?”

“तेव्हा काकांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन…” ती थांबली. “आई.”

“हं.”

“ब्लँक काकांनीच धुतलेल्या भांड्यात लावले होते. सगळेच.”

आम्ही दोघी एकदम काकांकडे बघितलं. ते खिडकीत उभे राहून शेंगदाणे खात होते. मला त्यांच्याबद्दल वाईट वाटलं, आणि ते वाईट वाटणं पुढच्या तासाभरात फारच चुकीच्या माणसासाठी निघालं.

“काका, भांडं धुता ना, तसं आमच्यासमोर एकदा धुवून दाखवा.”

त्यांनी अभिमानाने बाह्या वर केल्या. साबण, पाणी, ॲसिडचा हात, परत पाणी, मग गरम पेटीत वाळवण. इतकं स्वच्छ धुणारा माणूस मी घरात ठेवला असता. भांडं वाळून आलं. त्याच्या झाकणातून एक बारीक नळी थेट तळापर्यंत जाते. प्रयोग चालू असताना नमुना काढायचा तर त्या नळीतून काढतात. काकांनी झाकण बसवलं, एका पिचकारीत मेथनॉल घेतलं, नळीत वरून सोडलं आणि झटकन कॉक बंद केला.

“झालं,” ते म्हणाले.

“हे कशाला?” सुनेने विचारलं.

“नळी तुंबत नाय ना ताई. आतला माल वाळला की चिकटून बसतो. मेथनॉल भरून ठेवलं की मोकळी राहती.” मग माझ्याकडे वळून, अगदी प्रेमाने, “मॅडमचीच शिकवण हाय. रिअ‍ॅक्टरपाशी नोटीस होती. लाल अक्षरात. लय वर्षं होती.”

सून सावकाश माझ्याकडे वळली.

आता मला माझ्या तिशीबद्दल सांगणं भाग आहे. त्या वयात मला नोटिसा लावायचा रोग होता. मला वाटायचं, जगात जे काही बिघडतं ते मी लिहून न लावल्यामुळे. ‘झाकण लावा.’ ‘एप्रनला हात पुसू नका.’ ‘तराजूजवळ शिंकू नका.’ कपबशी कुठे ठेवायची, याचीही नोटीस होती आणि तिच्याखाली माझी सही होती, जणू मी राज्यपाल. साहेब रजेवर गेले की नोटिसांची संख्या वाढायची. आणि त्यातली एक, स्केचपेनने लाल केलेली: ‘काम झाल्यावर नमुन्याची नळी मेथनॉलने भरून बंद ठेवा!!!’

त्या कारखान्यात ते बरोबरच होतं. आम्ही सगळं काम मेथनॉलमध्येच करायचो, मग नळीतल्या चमचाभराने काय बिघडणार? पण ते का भरायचं, केव्हा चालेल आणि केव्हा नाही, यातलं मी एक अक्षर लिहिलं नव्हतं. कारण लिहायला जागाच नव्हती. जागा तीन उद्गारचिन्हांनी खाल्ली होती.

आणि मेथनॉल म्हणजे काय? मिथिल गट खांद्यावर घेऊन फिरणारा पदार्थ. भांडं तापलं की नळीतलं मेथनॉल आत उतरणार. तांब्याच्या त्या काळ्या पुडीला त्यातला मिथिल काढून अमाइनला चिकटवणं म्हणजे हातचा मळ. कार्बन डायऑक्साइडसारखी मनधरणी करायचीही गरज नाही.

“म्हणजे, आई,” सून प्रत्येक शब्द नीट ठेवत म्हणाली, “हा कार्बन तुमचा.”

“असं दिसतंय खरं.”

“मी लग्न होऊन घरात यायच्याही आधी तुम्ही माझ्या प्रयोगात मेथनॉल घालून ठेवलं होतंत.”

“सासू आहे मी. तयारी आधीपासून लागते.”

ती हसली. आधी नाकातून, मग एप्रन तोंडावर धरून. मी पण हसले, पण मला खरं सांगायचं तर आतून फार शरम वाटली. तिची तीन वर्षं आणि माझं एक स्केचपेन. काकांचा चेहरा मात्र उतरला होता.

“मॅडम, माझं काय चुकलं का?”

“तुमचं नाही काका. तुम्ही सांगितलं तसं केलंत. जिने सांगितलं, तिला अक्कल नव्हती.”

“तसं कसं म्हणता मॅडम,” ते म्हणाले, आणि जरा विचार करून, “पण तवा तुमाला कोण सांगणार व्हतं?”

नळी उकळत्या पाण्याने धुतली, तापवली, वायूने फुंकून काढली. ब्लँक लावला. संध्याकाळी पट्टीवर उजवीकडे नुसती पांढरी जागा होती. मी आयुष्यात कुठल्याही रिकाम्या जागेकडे इतक्या प्रेमाने बघितलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी त्याच भांड्यात कार्बन डायऑक्साइड घालून केलं. ठिपका आला. पूर्वीपेक्षा बारीक, पण आला.

म्हणजे तिची पूड खरंच काम करत होती. फक्त वाटलं होतं तेवढं नाही. आणि जुना प्रत्येक आकडा आता कचऱ्यात होता.

सरांनी नवे आकडे बघितले आणि सुनेकडे बघत खुर्चीत मागे टेकले. “मॅडम, आकडे पडले हो तुमचे.”

“पडले नाहीत, सर. जमिनीवर आले.”

“सात आठवडे राहिलेत. सगळा तक्ता परत करणार?”

“हो.”

“सगळा?”

“एकही जुना आकडा ठेवणार नाही.”

ती आवाज न चढवता बोलली. हट्टी पोरीचा आवाज मला ओळखू येतो, मी एकेकाळी तो रोज काढायचे. हा तो नव्हता. माझ्या हट्टात मीच बरोबर आहे हे दाखवायची घाई असायची. हिला नुसतं कळून घ्यायचं होतं.

पुढचे पाच आठवडे आम्ही कामाला जायच्या बायकांसारख्या सकाळी डबे भरून निघायचो. नातीला शाळेतून आणायचं काम ह्यांच्याकडे गेलं. ते दोनदा चुकीच्या गेटवर उभे राहिले, पण मुलगी सापडली. प्रयोगशाळेत माझ्याकडे वजनं करायची आणि वही लिहायची, एवढंच. सून भांडं भरायची, दाब चढवायची, साबणाच्या पाण्याने प्रत्येक जोड तपासायची, आणि घंटा झाली की हात धुऊन वर्गावर. प्रत्येक प्रयोगाच्या जोडीला एक ब्लँक. काका आता नळी धुऊन कोरडी झाली की दोघींना बोलावून दाखवायचे, वरून टॉर्च मारून. तक्ता ओळीओळीने भरत गेला. काही अमाइनवर मिथिल बसलंच नाही. तिने तिथे शून्य लिहिलं आणि पुढे गेली.

तरी एक प्रश्न उरत होता. ब्लँक कोरा आला म्हणजे दुसरीकडून कार्बन येत नाही, पण वायूतलाच कार्बन मिथिल झाला, याचा डोळ्यांनी दिसणारा पुरावा हवा. त्यासाठी भारी कार्बनचा कार्बन डायऑक्साइड मिळतो. त्याचा प्रत्येक कार्बन नेहमीपेक्षा एका मापाने जड. तयार झालेला माल एका मापाने जड निघाला तर कार्बन नक्की त्या वायूतला. सरांनी आपल्या एका मित्राच्या प्रयोगशाळेतून अशी छोटी बाटली मिळवली. एकाच प्रयोगापुरता वायू. गळती झाली की संपलं.

त्या सकाळी तिने भांड्याचे सगळे जोड तीनदा तपासले. मी म्हणाले, “पुरे आता.” ती चौथ्यांदा तपासायला लागली. एका जोडावर साबणाचा एक बुडबुडा फुगला, इवलासा. तिने पाना घेतला, पाव वळसा दिला, परत साबण लावला. बुडबुडा नाही. मगच बाटलीचा कॉक उघडला. मी तोवर श्वास सोडला नव्हता, नाहीतर माझाही कार्बन डायऑक्साइड आत गेला असता.

नमुना मुंबईला तपासायला गेला. अहवाल आला तेव्हा ती वर्गात होती आणि फोन माझ्याकडे. मी उघडला नाही. मला फार मोह झाला, पण ते पान तिचं होतं. ती आली, खडूचे हात तसेच, आणि उभ्या उभ्या उघडलं. पडद्यावर उंच रेघ होती, जुन्या वजनाच्या एक घर पुढे. जड. मी तिच्या पाठीवर थाप मारली. ती मात्र अजून बघत होती. तिने बोटांनी चित्र मोठं केलं. जुन्या वजनाच्या जागी एक बुटकी रेघ उभी होती.

दुसऱ्या दिवशी आम्ही सरांच्या केबिनमध्ये गेलो. सरांनी अहवाल बघून टेबलावर हात आपटला. “झालं! हेच हवं होतं. टाका शेवटच्या प्रकरणात.”

“सर, ही छोटी रेघ.”

“बाटलीतला वायूही पूर्ण शुद्ध नसतो. तेवढी येणारच.”

“बाटलीवर जी अशुद्धता लिहिलीय, त्यापेक्षा ही जास्त आहे. मी हिशेब केला.”

सरांनी चष्मा काढला. “मॅडम, ही रेघ चित्र मोठं केल्याशिवाय दिसतसुद्धा नाही. कोण बघणार आहे?”

“मी बघितली, सर.”

सर माझ्याकडे वळले. मी भिंतीवरचं कॅलेंडर बघत होते.

“बरं. लिहा,” ते म्हणाले. “पण कारण काय लिहिणार?”

“थोडा कार्बन अजूनही दुसरीकडून येतो, कुठून ते माहीत नाही.”

“प्रबंधात ‘माहीत नाही’?”

“एकाच ठिकाणी, सर.”

त्यांनी तिच्याकडून लॅपटॉप घेतला, तिने आधीच लिहून ठेवलेलं ते वाक्य दोनदा वाचलं, एक स्वल्पविराम दुरुस्त केला आणि लॅपटॉप परत दिला. ‘ठीक आहे’ म्हणाले नाहीत, पण पेनाचं टोपण काढलं आणि प्रकरणाच्या कच्च्या प्रतीवर सही केली.

बाहेर आल्यावर मी म्हटलं, “चल, आता उसाचा रस पिऊ.”

“मुदतीला नऊ दिवस आहेत, आई,” ती म्हणाली. प्रयोगशाळेचा जिना चढायलाही लागली होती. “यादीतलं ते रबरी वायसर अजून बदललेलं नाही. दोन ब्लँक सहज होतील.”

मी पर्स खांद्यावर नीट घेतली आणि तिच्यामागून वर निघाले.